एक प्रत ताईकडे

३ फेब्रुवारी

आले एकदाची. दोन खोल्या, पहिला मजला, दोन्हीकडून उजेड, आणि स्वयंपाकघरातला नळ चक्क गळत नाही. गेल्या तीन घरांनंतर हे मला राजवाडाच वाटतंय. खाली घरमालकीणबाई एकट्या राहतात. किल्ली देतानाच त्यांनी सांगून टाकलं की भिंतीला खिळे ठोकायचे नाहीत, जिन्यात चपला काढायच्या नाहीत, आणि काही लागलं तर मात्र बिनधास्त हाक मारायची. मी म्हटलं, भिंतीला टांगण्यासारखं माझ्याकडे काही नाहीच. त्या हसल्या. जमेल आमचं.

सामान उतरवताना व्हायचं ते झालं. ज्या खोक्यावर मी चारही बाजूंनी 'नाजूक' असं लिहिलं होतं, नेमकं त्याच खोक्यावर बसून टेम्पोवाल्याने डबा खाल्ला. कॉम्प्युटर गेला. बटण दाबलं तर एकदा आतून कुरकुरला आणि गप्प. आठ वर्षांचा होता, सुरू व्हायला चहा उकळेपर्यंत वेळ घ्यायचा. खरं सांगायचं तर वाईट वाटायच्या ऐवजी सुटल्यासारखंच वाटलं.

नव्या नोकरीला अजून आठवडा आहे. काम जुनंच. हॉस्पिटलातले डॉक्टर तोंडी रिपोर्ट बोलून पाठवतात, मी कानाला हेडफोन आणि पायाखाली पेडल घेऊन ते टाइप करायचे. पेडल दाबलं की आवाज चालतो, सोडलं की थांबतो. पण हे हॉस्पिटल मोठं, आणि पेशंटच्या माहितीबाबत फार कडक. घरून काम करणाऱ्यांसाठी त्यांनी अकरा नियमांचा कागद पाठवलाय. पहिलाच नियम असा की कॉम्प्युटरवर जे जे बसवाल किंवा बदलाल ते वहीत हाताने लिहून ठेवा. म्हणून ही वही. नोंदी हॉस्पिटलच्या, बडबड माझ्या पदरची. पन्नाशीला टेकलेली एकटी बाई, तिने बोलायचं तरी कुणाशी.

५ फेब्रुवारी

नवा कॉम्प्युटर आला. दुकानातला दुरुस्तीवाला जोडून द्यायला आला होता. मोजकं बोलणारा, पोक्त माणूस. गुडघे दुखतात म्हणून टेबलाखाली शिरताना कण्हत होता. वायरी लावून झाल्यावर म्हणाला की बाकीचं तुमचं तुम्ही करा, पासवर्ड परक्यासमोर टाकू नये. तत्त्वाचा माणूस आहे.

नोंद: अपडेट घातले. सकाळी दहा ते दुपारी दोन, त्यातला एक तास चौसष्ट टक्क्यांवर ठाण मांडून. अँटिव्हायरस बसवला. हॉस्पिटलच्या कामाचं खातं वेगळं, घरचं वेगळं. पासवर्ड दोन्हींचे चौदा अक्षरी, निरनिराळे, इथे लिहीत नाही. चुकीच्या माणसाने कॉम्प्युटर उघडायचा प्रयत्न केला तर कॅमेरा गुपचूप त्याचा फोटो काढून ठेवतो, तीही सोय चालू केली.

शेवटी चेहऱ्याने उघडायचं कुलूप. कॅमेऱ्याकडे बघा म्हणे. बघितलं. चेहरा नीट ओळखता येत नाही, पुन्हा प्रयत्न करा. तीनदा तेच. वैताग आला. मग उठून तोंड धुतलं, केस विंचरले, चांगल्यातला निळा ड्रेस अंगात अडकवला आणि फोटोत हसतात तशी हसले. लगेच घेतलं त्याने. यंत्रालासुद्धा आपण टवटवीत लागतो. निळा ड्रेस काढून परत गाउन घातला आणि भांडी घासायला उठले.

६ फेब्रुवारी

आज जुनी डिस्क जोडली. जुन्या कॉम्प्युटरचं सगळं मी दर रविवारी एका बाहेरच्या डिस्कवर उतरवून ठेवायची, ती सवय आता कामाला आली. दुरुस्तीवाल्याने फोनवर बजावलं होतं की सगळंच्या सगळं ओतू नका, आधी तपासून घ्या, लागेल तेवढंच आणा. पण आठ वर्षांचा पसारा निवडत बसायचं माझ्या जिवावर आलं. 'सर्व घ्या' दाबलं आणि पडून राहिले.

त्यात 'आई' नावाचा फोल्डर आहे. त्याबद्दल एकदा लिहूनच टाकते.

आई ताईकडे असते. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, आणि तिचं घर इथून पुरत्या एका दिवसाच्या प्रवासावर. तीन वर्षांपूर्वी आईचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग रस्ता, मग माणसं. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं की रोज ठरलेल्या वेळी चेहरा दाखवा, तोच आवाज ऐकवा. ओळख एकदा सुटली की परत येत नाही. तेव्हापासून मी रोज चार वाजता तिला कॉम्प्युटरवरून व्हिडिओ कॉल करते. ती मला बुटकी म्हणते, लहानपणापासून. आता मला बुटकी म्हणणारं जगात तेवढं एकच माणूस आहे.

रोज करते असं लिहिलं खरं. ते पूर्ण खरं नाही. कॉल मी रेकॉर्ड करायची, आई संध्याकाळी सैरभैर झाली की ताईने लावून दाखवावा म्हणून. मग एकदा कामाचा ढीग होता, मी ताईला म्हटलं आज जुनाच लाव. आईला कळलं नाही. मग दुसऱ्यांदा. मग मी त्यात सुधारणाही केली. रेकॉर्डिंगमधला आईचा आवाज पुसून टाकायचा आणि तेवढी जागा रिकामी सोडायची. आवाज कापायचं काम मी वीस वर्षं करतेय, माझ्या हातचा मळ. मी विचारते, जेवलीस का. मग सहा सेकंद गप्प बघत राहते. तेवढ्यात आई उत्तर देते. मी म्हणते, शहाणी माझी. सगळं जुळायचं. रोज आपण बोलतो तरी काय वेगळं.

असे सहाशे अकरा तुकडे आहेत. गेल्या वर्षभरात खरा कॉल आठवड्यातून दोनदा व्हायचा. लाज वाटते. पण दमलेलीही असते मी, त्याचं काय करू.

७ फेब्रुवारी

नोंद: हॉस्पिटलचा सातवा नियम. जे जपायचं त्याच्या तीन प्रती ठेवा. एक कॉम्प्युटरवर, एक डिस्कवर, एक दुसऱ्या गावी, म्हणजे इथे आग लागली तरी तिकडची राहील. हॉस्पिटलच्या कामाची तिसरी प्रत ते स्वतः ठेवतात. घरच्या सामानाची मी ताईच्या कॉम्प्युटरवर ठेवली. इथे काही नवं आलं की तिथे आपोआप जातं, इथलं पुसलं तरी तिथलं राहतं. ताई कुरकुरली, तिला हे असलं काही नको असतं. तिचा पासवर्ड एक-दोन-तीन-चार होता. मी तासभर फोनवर बसून तो बदलायला लावला. हेही शिकवलं की आता आवाजाची नक्कल करून फोन येतात, तेव्हा नुसत्या आवाजावर विश्वास ठेवायचा नाही. स्क्रीनवर चेहरा बघितल्याशिवाय मी आहे असं मानायचंच नाही. ती म्हणाली की तू पोलिसात का गेली नाहीस.

चार वाजता आईला कॉल केला. घर बदलण्याच्या गडबडीत दहा दिवसांचा खंड पडला होता. ती बघत राहिली. बघतच राहिली. मग म्हणाली, बुटके, वाळलीस गं. मला इतका आनंद झाला की कॉल संपल्यावर मी तशीच खुर्चीत बसून रडले.

आता रोज करायचा. खरा.

११ फेब्रुवारी

नोकरी सुरू झाली. दिवसाला चाळीस रिपोर्ट. एक डॉक्टर काहीतरी चघळत बोलतात, त्यामुळे डावा गुडघा आणि उजवा गुडघा यातला फरक मला त्यांच्या जबड्यावरून ओळखावा लागतो. दुसरे इतके भरभर बोलतात की पेडलवरून पाय निघत नाही. पाठीचा पार भुगा झालाय. सुपरवायझर बाईंनी पहिल्याच दिवशी सात चुका काढल्या आणि फार सौम्यपणे विचारलं की तब्येत बरी आहे ना.

चारला कॉल केला, पण हेडफोन एका कानातच होता. दुसऱ्या कानात डॉक्टर. आईने विचारलं की कुणाशी बोलतेस. अकरा मिनिटांत उरकलं.

१३ फेब्रुवारी

आज जमलं नाही. ताईला म्हटलं, एखादा जुना लाव. ती नुसतं 'बरं' म्हणाली. तिचं ते 'बरं' मला कळतं. तिकडे ती तीन वर्षं आईचं सगळं अंगावर घेऊन बसलीय, कंबर धरलेली, झोप तुटलेली, आणि मी इथून तिला तुकडे लावायला सांगते.

१५ फेब्रुवारी

चार वाजता कॉल केला तर ताई आश्चर्याने म्हणाली की परत कशाला, सकाळी तर चांगला तासभर बोललीस. मी म्हटलं, तू लावलेला तुकडा असेल. ती म्हणाली की लावला नाही, कॉल आला. आईने गोळी तोंडातून काढून ठेवली होती, ते तू लांबून ओळखलंस आणि गोडीत घ्यायला लावलीस. नाहीतर तू कशी वसकन अंगावर येतेस.

मी सकाळी अकराला पोस्टात रांगेत होते. ताईचा गोंधळ झाला असणार. एवढी दमलेली असते ती.

१६ फेब्रुवारी

'आई' फोल्डर उघडला. सहाशे बारा तुकडे आहेत.

या घरात आल्यापासून मी एकही कॉल रेकॉर्ड केलेला नाही. दोनदा मोजले.

१७ फेब्रुवारी

सहाशे बारावा बघितला. दुपारी, लख्ख उजेडात, खिडक्या उघड्या ठेवून बघितला.

मीच आहे. याच खुर्चीत. मागे याच खोलीचा पिवळा पडदा, जो मी गेल्याच आठवड्यात लावला. अंगात निळा ड्रेस, केस विंचरलेले. चेहरा माझाच, पण झोप झालेला. आईला विचारते, जेवलीस का. मग गप्प बघते. आईचा आवाज त्यात नाही, जागा रिकामी आहे, मी ठेवायची तशीच. फक्त मी सहा सेकंद ठेवायची. ही दोन मिनिटं थांबते. थांबून ऐकते. ऐकताना तिचा चेहरा बदलतो, मान हलते, एकदा हसून डोळे पुसले. मग आई काय बोलली असेल त्यावर बरोबर पुढचं विचारते. घड्याळाकडे एकदाही बघितलं नाही.

बावन्न मिनिटं. मी हेडफोन काढून ठेवला.

१८ फेब्रुवारी

दुरुस्तीवाल्याला बोलावलं. कुणीतरी बाहेरून शिरलंय आणि माझ्या चेहऱ्याची नक्कल करतंय, हे माझं मत. त्याने तीन तास घालवले. शेवटी चष्मा पुसत म्हणाला की बाहेरून कुणी आलेलं नाही. अँटिव्हायरस ठीक, कुलपं ठीक. सकाळचे सगळे कॉल याच टेबलावरून झालेत, आणि प्रत्येक वेळी चेहरा बघूनच कॉम्प्युटर उघडलाय. चेहरा तुमचाच. मग जरा घुटमळून विचारलं की एकट्याच राहता का, झोप नीट लागते का. तो काय समजतोय ते मला कळलं.

नोंद: घरच्या खात्याचा पासवर्ड बदलला. वीस अक्षरी. फोनवर येणारा आकडाही टाकल्याशिवाय उघडू नये असं केलं. कॅमेऱ्यावर कागद चिकटवला.

१९ फेब्रुवारी

चार वाजता कागद काढला. बसले. चेहरा ओळखता येत नाही. तोंड धुतलं, केस विंचरले. ओळखता येत नाही. निळा ड्रेस शोधला, कपाटात नाही. धुवायच्या कपड्यांत नाही. दोरीवर नाही.

पासवर्डने उघडला. आत निरोप होता, परक्या व्यक्तीने तीनदा उघडायचा प्रयत्न केला, फोटो जपून ठेवले आहेत. फोटो बघितले. गाउन घातलेली, डोळ्यांखाली काळं, तोंड अर्धवट उघडं. आणखी मागचेही फोटो होते. कालचे, परवाचे. मी चहा घेऊन टेबलाशी येतेय, त्याचेही. सगळ्यांवर एकच शिक्का. परकी व्यक्ती.

कॉल लागेपर्यंत साडेचार झाले. आई स्क्रीनकडे बघून ताईला विचारत होती की ही कोण बाई. ताईने घाईने सांगितलं की अगं तुझी बुटकी. आई म्हणाली की नाही, बुटकी सकाळी येते.

माझ्या आईने मला ओळखलं नाही. तीन वर्षं ज्याला घाबरत होते ते झालं.

२० फेब्रुवारी

फोल्डर पुसला. सगळे तुकडे, सहाशे अकरा अधिक जे नवे ते. डिस्कवरचेही. कॉम्प्युटरची वायर भिंतीतून काढली. हॉस्पिटलला आजारी असल्याचं कळवलं. सुपरवायझर बाई गोंधळल्या. म्हणाल्या की आत्ताच तर तुमचे चाळीस रिपोर्ट आले, एकही चूक नाही, आणि कॉलवर इतक्या छान बोललात.

वायर माझ्या हातात होती तेव्हा.

२१ फेब्रुवारी

तिसरी प्रत.

आज सकाळी आठवलं. इथलं पुसून काय उपयोग. जपायचं म्हणून मीच एक प्रत ताईकडे ठेवलीय. इथे आग लागली तरी तिकडची राहील —

ताईला फोन केला, मोबाइलवरून. कॉम्प्युटर बंद कर म्हटलं, फोल्डर पूस, आत्ताच्या आत्ता. ती हळू आवाजात म्हणाली की कोण बोलतंय. मी म्हटलं, ताई, मी. ती म्हणाली की माझी बहीण समोर स्क्रीनवर आहे, आईशी बोलतेय, मला दिसतेय.

मागून आवाज येत होता. माझा. विचारत होता, कुणाचा फोन गं ताई.

फोन बंद झाला.

२२ फेब्रुवारी

ताईने माझा नंबर बंद करून टाकलाय. शेजारच्यांच्या फोनवरून — म्हणजे घरमालकीणबाईंच्या — लावला. दोन वाक्यं ऐकून घेतली तिने. म्हणाली की माझ्या बहिणीने सांगून ठेवलंय, तिची जुनी रेकॉर्डिंग चोरीला गेलीत, तिच्या आवाजात फोन येतील. लहानपणचं काहीही विचारलं तरी त्या बाईला येईल, कारण सगळं त्या रेकॉर्डिंगमध्ये आहे. चेहरा बघितल्याशिवाय मानायचं नाही.

मीच शिकवलेलं.

बाईंनी मला पाणी दिलं. किती दिवस जेवला नाहीत, म्हणाल्या. आठवेना.

२३ फेब्रुवारी

पहिल्या गाडीने निघाले. चेहरा बघायचा आहे ना, घे, समोर आणून दाखवते. दीड वर्ष झालं ताईला प्रत्यक्ष भेटून. तिकडे जायला सुट्टी मिळाली नाही असं सांगायची. मागितलीच नव्हती.

खिडकीच्या काचेत माझा चेहरा दिसतो. त्याच्याकडे बघवत नाही. वाटेत दोनदा झोप लागली, दोन्ही वेळा आईचं उत्तर ऐकायच्या आधीच जाग आली.

आई ओळखेल. हाताने तरी. आवाजाने नाही तर वासाने. आईच आहे ती —

२४ फेब्रुवारी, सकाळ

ताईच्या घरात आहे. बाहेरच्या खोलीत.

दार साखळी लावून उघडलं तिने. फटीतून बघत राहिली. मी नुसती उभी राहिले. तिचे डोळे भरले. तिने मला ओळखलं. मी शपथेवर लिहिते, ओळखलं. साखळी काढली, आत घेतलं, आणि म्हणाली, बसा.

पाणी आणलं. जवळ उभी राहून, आतल्या खोलीला ऐकू जाणार नाही इतकं हळू बोलली. आई आता जेवते. रात्रभर झोपते. घरी जायचंय म्हणून दार बडवत नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा मी सलग सहा तास झोपले. तुम्ही काय आता, दोन दिवस राहाल आणि जाल.

मी म्हटलं, ती मी नाही. ताई म्हणाली, माहीत आहे.

११ वाजता

आतून दोन आवाज. आई आणि मी. आई हसतेय. हे हसणं मी किती वर्षांत —

काय बोलतात ऐकू येत नाही. मध्ये मध्ये मोठी जागा रिकामी, मग आईचा आवाज. मग माझा. कुठेच घाई नाही.

ताई दार अडवून बसलीय.

१२ ला पाच कमी

आई बाहेर आली. वॉकर धरून. ताईने अडवलं नाही.

माझ्यासमोर बसली. वाळलीय. बघत होती माझ्याकडे. मी तिचा हात धरला, तिने धरू दिला. उलट वरून दुसरा हात ठेवला, थोपटला. म्हणाली, बाई, तुम्ही फार दमलेल्या दिसता. माझी धाकटी पण अशीच दमायची. बोलता बोलता घड्याळ बघायची बिचारी. आता नाही बघत.

मी म्हटलं आई, मी —

आतून हाक आली. आईने हात सोडवून घेतला. सावकाश, मला वाईट वाटू नये असा.

१२

ताई समोर उभी आहे. माझी बॅग तिच्या हातात. मी लिहितेय तोवर थांबेल ती, तेवढं करेल. म्हणून लिहीत राहते. लिहायला काही उरलं नाही तरी —

मी आईची धाकटी. मी आईला रोज चार वाजता